मडकं फोडण्याआधी

गेल्या वर्षी एप्रिलात, जयंतीला आठ दिवस असताना, आम्ही पोरांनी वस्तीतल्या एका म्हातारीची हातभट्टी फोडली. लपवत नाही, पहिला दगड माझाच होता. दोन प्लॅस्टिकची पिंपं नि एक मातीचं मडकं. काळ्या गुळाचं रसायन गटारीतनं वाहिलं, सगळ्या गल्लीत आंबूस वास सुटला. आम्ही घोषणा दिल्या. बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटली. ज्या म्हातारीला सगळी वस्ती आत्या म्हणते ती उंबऱ्यावर बसून होती. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "फोड लेकरा. तुजा बाप दारूनंच गेला, तुजा हक्कच हाय. पर येक सांग. नाक्यावरच्या सरकारमान्य दुकानातली येक तरी बाटली फोडलीस का?"

मला उत्तर आलं नाही. आजही पुरतं आलेलं नाही. पण या सवालाच्या मागं लागून मी जे वाचलं ते तुमच्यापुढं ठेवावं म्हणून हे टिपण.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर आहे. दहावीला शाळा सुटली. इंग्रजी डिक्शनरी उशाला घेऊन शिकलो, अजून शिकतोय. तेव्हा हे विद्वानाचं लिहिणं नव्हे. रातपाळीवरून आल्यावर विहाराच्या लायब्ररीत बसून जे हाती लागलं ते माझ्या भाषेत सांगतोय.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या माणसांना. १९७२ साली दलित पँथरनं नावच मुळी काळ्यांच्या चळवळीवरून घेतलं. काळ्या माणसांच्या लढ्यात आपला लढा बघायची आपल्याला सवय आहे. पण आपण बघतो ते पुढारी, मोर्चे, तुरुंग. मी सांगणार आहे तो इतिहास दक्षिण आफ्रिकेतल्या बायांचा आहे, आणि त्यांच्या घरातल्या एका मडक्याचा.

त्या मडक्यात काय होतं? ज्वारी. होय, आपलीच ज्वारी. आपण तिची भाकरी करतो. झुलू बाया तिची बीअर करत आल्या, तिला त्यांच्या भाषेत उत्श्वाला म्हणतात. जवळपास तशाच पेयाला खोसा लोक उम्कोम्बोती म्हणतात. 'बीअर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं हिरवी बाटली नि परमिट रूम येते. ती डोळ्यांआड करा. ही दाट, गढूळ, आंबट असते. आपल्या आंबिलीची चुलत बहीण म्हणा.

ती करायची कशी ते नीट सांगतो, कारण सगळा इतिहास त्या करण्यातच अडकलेला आहे. ज्वारी भिजत घालायची. ओल्या गोणपाटाखाली ठेवून मोड आणायचे. मोड आलेला दाणा उन्हात वाळवून जाडसर दळायचा. मोड येताना दाण्याच्या आत एक रसायन तयार होतं, ते पिठुळपणाचं साखरेत रूपांतर करतं. मोडाच्या पिठाशिवाय नुसतं पीठ कितीही भिजत ठेवा, त्याची बीअर होत नाही. मग मक्याचं नि ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचं. त्याला आंबटपणा येतो. हा आंबटपणा आणणारे जंतू दह्यातल्या जंतूंच्या जातकुळीचे. आंबट झालेल्या पिठात सडवणारे, रोगट जंतू तग धरत नाहीत. म्हंजे आंबटपणा ही नुसती चव नाही, राखण आहे. दुसऱ्या दिवशी हे पीठ शिजवून दाट लापशी करायची नि निवू द्यायची.

आता खरी कसोटी. लापशी निवाली की मोडाचं ताजं पीठ परत घालायचं. गरम असताना घातलं तर मेहनत वाया, कारण साखर करणारं रसायन नि यीस्ट दोन्ही उष्णतेनं मरतात. फार गार झाल्यावर घातलं तर आंबणं रेंगाळतं. थर्मामीटर कुठला? बाई बोट बुडवून बघते. मग भांडं झाकून, थंडीत घोंगडी गुंडाळून, उबेला ठेवायचं. यीस्ट म्हंजे डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. तो मोडाच्या पिठाबरोबर येतो, जुन्या भांड्याला चिकटलेला असतो, नाहीतर बाई आधीच्या बीअरीतलं थोडं विरजणासारखं घालते. तो साखर खातो, दारू नि वायू सोडतो. भांड्यावर बुडबुडे येतात, कान लावला तर खदखद ऐकू येते. खदखद जोरात असेल तर काम चालू. मंदावली की गाळायची वेळ झाली. गवताच्या विणलेल्या लांब गाळणीतनं पिळून काढायची. एक-दोन दिवसांत संपवायची, नाहीतर ती आंबत आंबत पिववत नाही इतकी आंबट होते. नशा थोडी, शेकड्याला तीनच्या आसपास. पोटात मात्र धान्य जातं. शेतात सगळ्या वाडीनं मिळून काम केलं तर कामकऱ्यांना हीच. पूर्वजांची आठवण करताना हीच. करणारी बाई पहिला घोट स्वतः घेते, चांगली आहे हे दाखवायला.

पाश्चरनं १८५७ साली आंबवण्यावरचा पहिला निबंध मांडला. आंबणं हे जिवंत सूक्ष्म जीवांचं काम आहे हे त्यानं दाखवलं. त्याचं बीअरवरचं पुस्तक १८७६ सालचं. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेननं १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिचं शुद्ध बियाणं वाढवलं. मोठं काम, वाद नाही. पण मोड किती आणायचे, आंबट कधी करायचं, ऊब किती, थांबायचं कधी हे सगळं त्या बायांच्या बोटांत नि कानांत त्याच्या किती पिढ्या आधीपासून होतं. लिहिता येत नाही त्याला ज्ञान म्हणायचं नाही, ही चाल आपल्याला नवी नाही. चामडं कमावणाऱ्याला कुणी रसायनशास्त्रज्ञ म्हटलं नाही.

आता या मडक्यावर सरकारची नजर कशी गेली ते बघा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डरबन बंदर वाढलं. गोदीत ओझी उचलायला, रिक्षा ओढायला, गोऱ्यांची घरं झाडायला झुलू पुरुष हवे होते. बायका नको होत्या. पुरुष शहरात एकटे, बराकीत. त्यांच्यामागं काही बाया शहरात आल्या आणि पोटासाठी घरची बीअर करून विकायला लागल्या. गोऱ्यांना दोन गोष्टी खुपल्या. मजूर पितो नि कामावर येत नाही, ही एक. दुसरी बोलायची नव्हती, ती म्हंजे पैसा चाललाय तो बायांच्या पदरात.

नातालच्या सरकारनं १९०८ साली नेटिव्ह बीअर ॲक्ट केला. त्या कायद्याखाली डरबनच्या नगरपालिकेनं १९०९ पासून मक्ता स्वतःकडं घेतला. ज्वारीची बीअर आता नगरपालिका करणार, नगरपालिकाच विकणार, आपल्या बीअर हॉलमध्ये. शहरात बाईनं घरी केली तर गुन्हा. बंदी दारूवर नव्हती, हे ध्यानात ठेवा. बंदी होती ती बाईच्या मडक्यावर. तीच ज्वारी, तेच यीस्ट, पण एका हातात ते महसूल नि दुसऱ्या हातात अपराध.

आणि त्या महसुलाचं काय केलं? काळ्या मजुरांसाठी बराकी बांधल्या. आणखी बीअर हॉल बांधले. त्यांच्यावर पहारा ठेवणारं खातं चालवलं, पास तपासणारी यंत्रणा पोसली. गोऱ्या घरमालकांच्या करातली पै खर्च करायची गरज उरली नाही. काळ्या माणसानं संध्याकाळी बीअर प्यायची आणि त्या पैशातनं सकाळी त्यालाच हाकणारा शिपाई नेमायचा. याला 'डरबन पद्धत' म्हणून नावाजलं गेलं. १९२३ च्या नेटिव्ह्ज अर्बन एरियाज कायद्यानं सगळ्या देशातल्या नगरपालिकांना हा रस्ता मोकळा करून दिला.

या कायद्यानं मडक्याच्या आत काय केलं, हे इतिहासाच्या पुस्तकांत तितकं ठळक येत नाही. मला मात्र तेच महत्त्वाचं वाटतं. चांगली बीअर व्हायला चार-पाच दिवस लागतात. धाड कधी पडेल सांगता येत नाही. जिच्या घरात चार दिवस भांडं खदखदतंय तिला लपवायला जागा कुठली? वास लपत नाही. जोहान्सबर्गच्या रूईयार्ड नावाच्या चाळवजा वस्तीचा अभ्यास एलन हेलमन या बाईनं १९३३ च्या सुमाराला केला. तिथं बाया बीअरचे डबे अंगणात जमिनीत पुरून ठेवत. मग बायांनी वेळ कमी केला. मोड आणणं गेलं, रात्रभर आंबट करणं गेलं. बेकरीचं यीस्ट, साखर, कोमट पाणी, की दिवसभरात तयार. त्याला स्कोकियान म्हणत. काकवीपासून केलेली झटपट दारू होती तिला इशिमेयाना म्हणत. यांत धान्य नाही, अन्न नाही, आंबटपणाची राखण नाही, नुसती झिंग. ती वाढवायला कुणी काहीही मिसळायचं. मग तेच सरकार म्हणालं, बघा, या बाया विष विकतात!

आधी वेळ हिसकावून घ्यायचा, मग घाईनं केलेल्या कामाला नावं ठेवायची. गिरणीत हेच चालतं. साचा जोरात पळवायचा नि धागा तुटला की पगार कापायचा.

बाया गप्प बसल्या नाहीत. १९२९ साली डरबनमध्ये आयसीयू या कामगार संघटनेनं, ए. डब्ल्यू. जी. चॅम्पियनच्या पुढारपणाखाली, बीअर हॉलवर बहिष्कार पुकारला. जूनमध्ये गोऱ्यांच्या जमावानं संघटनेच्या हॉलला वेढा घातला, दंगल झाली, काळे नि गोरे मिळून आठ माणसं मेली. त्याच वर्षी नातालच्या आतल्या छोट्या गावांत बाया हातात काठ्या घेऊन बीअर हॉलवर चालून गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या पुरुषांचा पगार तुमच्या हॉलमध्ये जिरतो, घरी येत नाही. हॉल बंद करा, आम्हाला आमच्या घरी करू द्या.

तीस वर्षांनी, पुन्हा जून, पुन्हा डरबन. केटो मॅनर नावाची झोपडपट्टी होती, झुलू तिला उम्खुम्बाने म्हणत. इथं आपल्यालाही मान खाली घालायची जागा आहे. तिथल्या पुष्कळ जमिनी भारतातून गेलेल्या लोकांच्या ताब्यात होत्या आणि झोपड्यांचं भाडं त्यांच्या खिशात जात होतं. १९४९ साली त्या शहरात काळे आणि हिंदी यांच्यात भयानक दंगल झाली ती उगाच नव्हे. स्वतः मळ्यात राबायला नेलेल्या लोकांतला काही जण वर चढला की खालच्याचा मालक होतो. हे फक्त तिथं होतं असं नाही.

१९५९ च्या जूनमध्ये नगरपालिकेनं रोगराई हटवायच्या नावाखाली केटो मॅनरमधल्या भट्ट्या नि साठे फोडले. १७ जूनला बाया नगरपालिकेच्या बीअर हॉलमध्ये घुसल्या, पुरुषांना बाहेर हाकललं, बीअर ओतून दिली. दुसऱ्या दिवशी जमलेल्या बायांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पण लोण नातालभर पसरलं. डोरोथी न्येम्बे, फ्लोरेन्स म्खिझे या चळवळीतल्या बायांची नावं इथं लिहून ठेवतो, कारण आपल्या पोरांना मंडेला माहीत असतो, या नसतात. पुढं जानेवारी १९६० मध्ये त्याच वस्तीत धाडीला गेलेले नऊ पोलीस जमावानं ठार केले. त्याचं मला कौतुक नाही. पण चाळीस-पन्नास वर्षं घरोघर मडकी फोडल्यावर काय साठतं हे त्यावरून कळतं.

आणि आता माझ्या-तुमच्या वयाच्या पोरांची गोष्ट. १६ जून १९७६, सोवेटो. शाळेत आफ्रिकान्स भाषा लादली म्हणून विद्यार्थी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर पोरांनी काय जाळलं? सरकारी कचेऱ्या, आणि बीअर हॉल, दारूची दुकानं. दारू नको, शिक्षण द्या, अशी त्यांची भाषा होती. त्या वस्त्यांचा कारभार चालवणाऱ्या बोर्डांचा मोठा पैसा दारूविक्रीतनं यायचा, हे पोरांना कळलं होतं.

मी इथं थांबलो नि कितीतरी वेळ विचार करत राहिलो. १९२९ आणि १९५९ च्या आया म्हणतात, आम्हाला बीअर करू द्या. १९७६ ची पोरं म्हणतात, बीअर नको. उलट वाटतं. पण दोघांनी हात घातला तो एकाच दारावर, बीअर हॉलच्या. आईला दिसलं की तिची मिळकत तिथं गेली. पोराला दिसलं की त्याचा बाप तिथं गेला. पैसा कुठं जातो हे दोघांनी बघितलं. त्या पोरांनी पहिला दगड सरकारी दुकानावर टाकला. माझा दगड कुणावर पडला?

बाकीचं थोडक्यात. १९६२ पासून काळ्यांना इतर दारू कायद्यानं विकत घेता येऊ लागली. ज्वारीची बीअर कारखान्यांची झाली. नव्वदच्या दशकात हा धंदा खाजगी हातात गेला, त्यात भारतातला यूबी समूहही मालक म्हणून शिरला. ज्या मडक्यासाठी बायांनी लाठ्या खाल्ल्या त्याचा नफा समुद्रापलीकडं, आपल्याच देशात आला.

आता घरी परत येऊ. आपल्याकडं वेगळं झालं का? इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आणला. गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या, ताडीमाडी, सगळं करात नि मक्त्यात बांधलं. १८९२ साली तर ठाणे-कुलाब्याकडं मोहाची फुलं साठवण्यावरही कायदा आला. झाडाखाली पडलेलं फूल वेचणं म्हंजे गुन्हा! १८८० साली पुण्यात दारूची दुकानं वाढत चालली तेव्हा जोतीरावांनी नगरपालिकेला त्याविरुद्ध लिहिलं. बघा, त्यांनी हात घातला तो परवान्याला. पुढं १९४९ साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला. मग बंदी सैल होत गेली आणि परवान्याची दुकानं उघडली. आज राज्याच्या तिजोरीत दारूचं उत्पन्न किती मोलाचं आहे हे अर्थसंकल्प वाचणाऱ्याला ठाऊक आहे. म्हंजे सरकार मक्तेदार, नि आत्या गुन्हेगार.

आत्याच्या मडक्यातही तीच गोष्ट घडलेली आहे. काळा गूळ आणि नवसागर. नवसागर का? ते यीस्टचं खाद्य, आंबणं झटपट व्हावं म्हणून. मग ऊर्ध्वपातन, म्हंजे वाफ धरून अर्क काढायचा. कारण रसायन पिंपभर असतं, लपत नाही, टिकत नाही. अर्क कॅनमध्ये मावतो, ट्यूबमध्ये भरून नेता येतो. धाडीची भीती जितकी मोठी तितकी दारू कडक. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं मेली ती मिथेनॉलनं. ते कारखान्यात वापरायचं रसायन, ते कुणीतरी आणून दारू म्हणून विकलं. मेले कोण, ते सांगायला नको. अशा विषाशी गुळाच्या आंबण्याचा संबंध नव्हता, हावेचा होता.

कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी आत्याच्या भट्टीला हार घालत नाही. माझा बाप एकेचाळिसाव्या वर्षी रक्ताच्या उलट्या होऊन गेला. त्यातली थोडी दारू आत्याची होती, बरीच नाक्यावरच्या दुकानातली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेली प्रतिज्ञा मी पाळतो नि पाळणार. डरबनची ज्वारीची बीअर नि आमच्या गल्लीतला अर्क एकच, असंही मी म्हणत नाही. पण प्रतिज्ञा मी माझ्या ओठांसाठी घेतली आहे, म्हातारीच्या चुलीवर चालून जाण्यासाठी नाही. निदान आधी तिच्यावर चालून जाण्यासाठी तर नाहीच. तिचा नवरा बंद पडलेल्या गिरणीतला. देणी आली नाहीत. विड्या वळून बोटं वाकडी झाली. त्या वेळी आपल्यातलं कोण तिच्या दारात गेलं होतं?

भट्ट्या फोडायला माणसं झटकन जमतात. फोटो निघतो, पेपरात येतं. पोलीसही पाठीवर थाप मारतात. पोलीस पाठीवर थाप मारतात तेव्हा आपण जरा थांबून बघावं, असं मला आता वाटतं.

तर माझं म्हणणं एवढं. आपल्याकडं बायांच्या मतदानानं दुकान बंद करायची सोय आहे, 'आडवी बाटली' म्हणतात ती. आमच्या मंडळानं ठरवलंय, सुरुवात नाक्यावरच्या दुकानापासून. अर्ज लिहिलाय, बायांच्या सह्या गोळा करतोय. आत्याची सही पहिली घ्यावी म्हणून मी परवा तिच्याकडं गेलो. फोडलेल्या मडक्याबद्दल माफी मागितली. डरबनच्या बायांची गोष्ट सांगितली. मोड आणून, बोट बुडवून, घोंगडी गुंडाळून, सगळं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. मधेच म्हणाली, "त्यास्नी बी मोडाचं पीठ शेवटी परत घालावं लागायचं व्हय? शानी बाया." अंगठा न उठवता तिनं सही केली, वळणदार. मग म्हणाली, "दुकान बंद करा, माजी भट्टी बी बंद करते. पर बंद केल्यावर मी खाऊ काय, ते बी त्या कागदावर लिवा."

ते अजून कागदावर लिहिलेलं नाही. बचतगट, विडीकामगारांची पेन्शन, गिरणीची थकलेली देणी, काहीतरी ठोस लिहावं लागेल. ज्यांच्या वस्तीत असं काही करून दाखवलंय त्यांनी पत्र टाकावं. ज्यांनी नुसतीच मडकी फोडलीत त्यांनीही टाकावं. पहिला दगड माझाच होता, तेव्हा लाजू नये.

जयभीम.